दुखणं जांघेत, बोट कमरेवर

खुबा दुखतो म्हणून माझ्याकडे जवळजवळ कोणीच येत नाही. कंबर दुखते म्हणून येतात, गुडघा गेला म्हणून येतात, मांडीत कळ येते, पायात करंट जातो, "नस दबलीय" असं कोणीतरी सांगितलंय म्हणून येतात, हातात फायलींची पिशवी, पिशवीत कमरेचा एमआरआय, आणि नीट तपासायला घेतलं की बऱ्याचदा सगळा मामला निघतो खुब्याचा, ज्याचा साधा एक्स-रेसुद्धा त्या पिशवीत नसतो. मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दांडिया बाजार, रावपुरा इथली आपली जुनी मराठी घरं आणि शेजारपाजारची गुजराती घरं, असे माझे पेशंट, आणि त्यात बायका जास्त. इतकी वर्षं हे बघून माझं एक मत पक्कं झालंय, ते आज नीट लिहायचंय. खुब्याचं दुखणं भलत्याच ठिकाणी शोधलं जातं त्याला शरीराची रचना कारणीभूत आहेच, पण तेवढंच मोठं कारण म्हणजे तो सांधा जिथे आहे त्या जागेची आपल्याला वाटणारी लाज.

आधी तो सांधा आहे कुठे ते सांगते, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. कुशीवर झोपलं की गादीला टेकतं ते बाजूचं टणक हाड, लोक त्यालाच खुब्याचा सांधा समजतात. ते मांडीच्या हाडाचं बाहेर आलेलं टोक. सांधा त्याच्या आत, पुढच्या बाजूला आणि खोल, जांघेत जी घडी पडते तिच्या मधोमध, जिथे बोट दाबलं तर रक्तवाहिनीचे ठोके लागतात त्याच्याही मागे. शाळेच्या पुस्तकात उखळीचा सांधा म्हणून चित्र असायचं बघा, तोच. वर स्नायूंचे एवढे थर आहेत की कितीही दाबलं तरी बोट सांध्यापर्यंत जात नाही, गुडघा कसा दोन्ही हातांत धरून चाचपता येतो तसं इथे नाही होत. हा सांधा हलवून, फिरवून, त्याच्यावर वजन टाकूनच तपासावा लागतो, आणि त्यासाठी माणूस टेबलावर आडवा लागतो.

सांध्याच्या आतलं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं, तिथून मांडीच्या पुढून खाली उतरतं आणि कितीतरी जणांना थेट गुडघ्यातच जाणवतं. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या नसांत ऑब्च्युरेटर आणि फेमोरल या दोन्हीकडे सामायिक आहेत, त्यामुळे मेंदूला पत्ता चुकीचा मिळतो, झिजतोय खुबा आणि तेल लागतंय गुडघ्याला.

आता ती जांघ. आपल्याकडची साठी-सत्तरीची बाई, समोर पुरुष डॉक्टर, शेजारी मुलगा नाहीतर जावई उभा, अशा वेळी जांघेवर हात ठेवून "इथे दुखतं" म्हणेल का? नाही म्हणत. ती पदर सावरते आणि हात मागे कमरेवर नेते, किंवा खाली मांडीवरून नुसता फिरवते. डॉक्टरांच्या दारात रांग लागलेली, बाई साडीत, स्टुलावर बसलेली, मग तिथल्या तिथे दोन प्रश्न होतात आणि कमरेचा फोटो लिहून दिला जातो. यात कोणाची नियत वाईट नसते हे मला माहितीये, मीही याच व्यवस्थेत काम करते. पण खुब्याला हात कोणीच लावलेला नसतो, आणि मग पुढे कित्येक महिने पट्टा, ट्रॅक्शन, शेक, सगळं कमरेला चालू राहतं.

म्हणून माझ्याकडे पहिलं काम हे की बरोबर आलेल्या पुरुषमंडळींना बाहेर बसवायचं, दार लावायचं, आणि मग विचारायचं, काकू, आता एका बोटाने दाखवा. एका बोटाने, कारण अख्ख्या हाताने दाखवलं की माणूस अर्धं शरीर दाखवतो. तरी काहींना एका बोटाने जमतच नाही, त्या अंगठा मागे आणि बाकीची बोटं पुढे करून कमरेखाली बाजूला पंजाने घट्ट धरतात, इंग्रजी सी अक्षरासारखा आकार होतो त्या पंजाचा. हीसुद्धा एक मान्यताप्राप्त खूण आहे, सी साइनच म्हणतात तिला, सांध्याच्या खोल आतलं दुखणं असलं की माणसं असं धरून दाखवतात. मराठी, गुजराती, शिकलेली, न शिकलेली, सगळ्यांचा हात तसाच जातो, मला दर वेळी याचं आश्चर्य वाटतं.

एक काकू होत्या. गुडघा, गुडघा आणि गुडघा. गुडघ्याला नीकॅप, गुडघ्यात इंजेक्शनं झालेली, कोणीतरी गुडघा बदलायचा सल्ला दिलेला, आणि त्या बिचाऱ्या मनाची तयारी करत होत्या. टेबलावर घेतलं, गुडघा वाकवला, सरळ केला, दाबून बघितला, थोडी कुरकुर होती, त्या वयात असतेच, पण त्या शांत. मग त्यांचा पाय तसाच सरळ पलंगावर ठेवून मी फक्त मांडीवर एक हात आणि नडगीवर एक हात ठेवून पाय आत-बाहेर लाटल्यासारखा हलवला, अगदी हळू. यात गुडघा वाकत नाही, कंबर हलत नाही, हलतो तो फक्त खुबा. काकूंनी माझं मनगट धरलं. "हेच! हेच दुखणं!" म्हणाल्या, आणि दुसरा हात कुठे गेला तर जांघेवर. इतके महिने जे बोट गुडघ्यावर होतं ते पहिल्यांदा जागेवर आलं. मग खुब्याचा एक्स-रे काढून घेतला, सांध्यातली फट जवळजवळ संपलेली. बदलायचाच होता तर खुबा. गुडघा बदलला असता तर दुखणं जिथल्या तिथे राहिलं असतं, त्या विचाराने मला आजही कसंतरी होतं.

तपासणी खरं तर पेशंट दारातून आत येतो तेव्हाच सुरू होते. मी सकाळी कमाटीबागेत चालायला जाते तेव्हाही नजर लोकांच्या पावलांवरच जाते, सवयच झालीये. दुखऱ्या पायावर माणूस कमीत कमी वेळ उभा राहतो, पाऊल पटकन उचलतो. काही जण चालताना अख्खं अंग दुखऱ्या बाजूला झोकून देतात. हे का होतं? आपण एका पायावर येतो तेव्हा बैठकीच्या बाजूचे स्नायू कमरेच्या हाडाला दुसरीकडे कलू देत नाहीत, तोलून धरतात, आणि ते ओढताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. स्नायू कमजोर असले किंवा सांधा दुखरा असला की तो तोल जातो. मी पेशंटला भिंतीजवळ उभं करते, तिच्या मागे बसून दोन्ही अंगठे कमरेच्या हाडांवर ठेवते आणि सांगते, उजव्या पायावर उभ्या राहा, डावा उचला. डावीकडचा अंगठा खाली गेला तर दोष उजवीकडे. कलते एक बाजू आणि बिघाड दुसऱ्या बाजूला, तागडीचं जड पारडं कुठलं ते इथे उलटं वाचायचं. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन सर्जनने हे 1895 मध्ये मांडलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राँटजेनला एक्स-रेचा शोध लागला. म्हणजे आत बघायचं काही साधन हातात नव्हतं, तेव्हा चालणाऱ्या माणसाकडे पाठीमागून टक लावून बघून त्या माणसाने आतलं ओळखलं. ही खूण आजही तितकीच चालते.

यावरूनच एक सांगून ठेवते, काठी धरायची ती दुखऱ्या खुब्याच्या उलट्या हातात. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या स्नायूंवरचा ताण कमी होतो आणि सांध्यावरचा भारही. निम्मे लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात कारण तेच सोपं वाटतं.

टेबलावर झोपवल्यावरची माझी सगळ्यात आवडती तपासणी म्हणजे थॉमस टेस्ट. आवडती म्हणण्याचं कारण आहे. खुबा बराच काळ दुखत असला की तो पुढून आखडतो, पूर्ण सरळ होत नाही. पण झोपवलं तर पाय सरळच दिसतो! कारण शरीर कमरेला बाक देऊन ती उणीव भरून काढतं. बघणाऱ्याला वाटतं पाय ठीक आहे, आणि त्या बाकामुळे पुढे कंबर दुखायला लागते ती वेगळीच. तर मी एक हात पेशंटच्या कमरेखाली सरकवते, तिथे चांगली पोकळी लागते, हात आरपार जातो. मग तिचा चांगला पाय गुडघ्यात दुमडून हळूहळू छातीकडे नेते, नेत राहते, आणि एका क्षणी कंबर खाली येऊन माझ्या हातावर दाबली जाते. तिथे थांबायचं. आणि दुसऱ्या मांडीकडे बघायचं. जी मांडी इतका वेळ पलंगाला टेकलेली होती ती आपोआप वर उचलली जाते, पेशंटला कळतही नाही, ती म्हणते मी काहीच केलं नाही. जेवढी मांडी वर आली तेवढा सांधा आखडलाय. एवढंच. यंत्र नाही, खर्च नाही, फक्त कमरेखालचा तो एक हात.

ह्यू ओवेन थॉमस हा लिव्हरपूलचा डॉक्टर, 19 व्या शतकातला, खुब्याच्या क्षयाची मुलं त्याच्याकडे खूप यायची. त्याचं घराणं वेल्समधल्या अँगलसीच्या हाडवैद्यांचं. वडील इव्हन थॉमस हाडं बसवायचे, डिग्री नव्हती, त्यामुळे डॉक्टर मंडळींचा त्यांना जाच व्हायचा, म्हणून त्यांनी मुलांना रीतसर डॉक्टर केलं. मांडी मोडल्यावर जी लांब लोखंडी चौकट लावतात, थॉमस स्प्लिंट, तीही याचीच, आणि पहिल्या महायुद्धात त्याच्या भाच्याने, रॉबर्ट जोन्सने, ती आघाडीवर वापरायला लावून कितीतरी सैनिकांचे जीव वाचवले. हे मी शिकले तेव्हा मला आपल्या दांडिया बाजारातला माणिकरावांचा आखाडा आठवला, जुम्मादादा व्यायाम मंदिर. मल्लखांब, कुस्ती तर होतीच, पण हात निखळला, पाय मुरगळला की बडोद्याची माणसं पिढ्यानपिढ्या तिथेच धाव घेत आली. आमच्या घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताचं कौतुक किती वेळा आलंय. हाडवैद्याच्या हाताला जे कळतं ते आणि डॉक्टरी ज्ञान एकाच माणसात एकत्र आलं की काय होतं, ते थॉमसने दाखवलं असं मला मनापासून वाटतं, आणि आमच्या पेशाने हाताची ती बाजू सोडू नये असंही.

पण निदानाच्या दृष्टीने सगळ्यात बोलकी हालचाल कुठली म्हणाल तर मांडी आत फिरवणं. पेशंट उताणी, खुबा आणि गुडघा दोन्ही काटकोनात, आणि मी तिचं पाऊल बाहेरच्या बाजूला नेते. पाऊल बाहेर गेलं की मांडी सांध्यात आत फिरते, हे नवीन विद्यार्थ्यांना पटकन उमगत नाही, उलटं वाटतं. चांगला सांधा साधारण 30-40 अंश सहज फिरतो. झिजायला लागलेल्या खुब्यात हीच हालचाल बहुधा सगळ्यात आधी जाते. खुबा दुखणारा माणूस, मांडी 15 अंशसुद्धा आत फिरत नाही आणि वर 115 अंशांच्या पुढे दुमडत नाही, एवढ्यावर 1991 च्या अमेरिकन संधिवात संघटनेच्या निकषांत खुब्याची झीज आहे असं धरता येतं, एक्स-रे न काढताही. आधी चांगल्या बाजूची फिरवून बघायची, दुखरी नंतर, म्हणजे तिचं माप कशाशी ताडायचं ते कळतं आणि पेशंटही घाबरत नाही. आणि हे सगळं करताना डोळे पायावर नाही, चेहऱ्यावर ठेवायचे. कपाळाला आठी पडते ती तोंडाने "नाही दुखत" म्हणायच्या आधी.

त्यानंतर मांडी घालणं. एका पायाची घडी करून घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि दुमडलेला गुडघा हळूच खाली दाबायचा, याला अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट ह्यू पॅट्रिकचं नाव आहे, 1917 सालापासून. पण आपल्याकडे ही टेस्ट माणसं रोज पूजेला, पंगतीला, भजनाला बसताना करतच असतात. म्हणून मी इतिहास विचारताना हेच विचारते, मांडी घालून बसता येतं का, कधीपासून येत नाही, उकिडवं बसता येतं का, पायाची नखं स्वतः कापता का. "नखं आता सून कापून देते" या एका वाक्यात मला खुब्याबद्दल खूप काही कळतं. आणि गुडघा दाबल्यावर जांघेत दुखलं तर खुब्याकडे बोट, मागे बैठकीच्या वर एका बाजूला दुखलं तर कमरेच्या मणक्याखालच्या त्रिकाच्या सांध्याकडे. एकाच हालचालीची दोन उत्तरं, म्हणून "दुखतंय का" विचारून थांबायचं नाही, "कुठे" हे विचारायचंच.

बाजूचं दुखणं वेगळं. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांमध्ये हे फार बघते मी. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना बाजूला दुखतं, खुर्चीतून उठल्यावर पहिली काही पावलं जड जातात. पूर्वी याला सरसकट हाडावरच्या गादीला, म्हणजे बर्साला, सूज आली म्हणायचे, आता कळतं की बहुतेक वेळा त्या बाजूच्या हाडाला चिकटणाऱ्या स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, थकलेले असतात. त्या हाडावर बोट दाबलं की पेशंट दचकते, आणि त्या एका पायावर अर्धा मिनिट उभं केलं की नेमकं तेच दुखणं जागं होतं. मांडी मात्र मोकळी फिरते, जांघ शांत असते. या बायकांना मी विचारते, ओट्याशी कशा उभ्या राहता? पोळ्या लाटताना सगळं वजन एका पायावर टाकून कंबर एका बाजूला लटकवून उभं राहायची सवय असते, त्यातच ते कंडरे हाडावर दाबले जातात. दोन्ही पायांवर उभं राहणं, पायावर पाय टाकून न बसणं, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, आणि हळूहळू ताकदीचे व्यायाम. यात एमआरआयची गरज बहुतेकदा पडत नाही, पण "सायटिका" म्हणून वर्षभर औषधं घेतलेल्या मी पाहिल्यात.

माझा सगळ्यात जीव तुटतो तो तरुण पेशंटच्या बाबतीत. तिशीतला एक मुलगा आला होता, कमरेला पट्टा, एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली, म्हणून सगळं लक्ष चकतीवर. आता चकती थोडीफार बाहेर आलेली कितीतरी अशा लोकांच्या एमआरआयमध्येही दिसते ज्यांना काहीही दुखत नाही, त्यामुळे फोटोत काहीतरी दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नसतं. तो म्हणाला, बाइकवर टांग टाकताना जीव जातो. मी पाय सरळ वर उचलला, कमरेची नस दबली असेल तर पायात कळ जाते, तसं काही नाही. मग मांडी आत फिरवली. फिरलीच नाही. एवढ्या तरुण माणसाची मांडी आत फिरत नाही हे बघून मीच गप्प झाले. विचारलं तेव्हा कळलं, 2021 च्या लाटेत कोविड झाला होता, हॉस्पिटलात होता, स्टेरॉइड बरीच मिळाली होती. त्या औषधांनी तेव्हा माणसं वाचवली, त्याबद्दल मला काडीची शंका नाही. पण मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्तपुरवठाच मुळात जेमतेम असतो, आणि स्टेरॉइड, दारू, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) अशा कारणांनी तो बंद पडला की हाड आतून मरायला लागतं, एव्हीएन म्हणतात. छोटाउदेपूरकडच्या आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या तरुण पेशंटला म्हणूनच सिकलसेलबद्दल विचारायलाच हवं. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्ये दिसतं, तोही खुब्याचा, कमरेचा नव्हे. गोळा खचायच्या आधी सापडलं तर तो वाचवायचे काही मार्ग असतात, खचल्यावर ते कमी होतात. याचं एका बाजूला खचायला लागलं होतं, दुसरी बाजू मात्र वेळेत सापडली.

आणि बडोद्यात राहून गरब्याबद्दल न लिहून कसं चालेल. नवरात्रात इथे अख्खं गाव नाचतं, आपली मराठी पोरंसुद्धा, आरती संपवून चणियाचोळी घालून ग्राउंडवर. वर्षभर लॅपटॉपसमोर बसलेलं शरीर अचानक रोज तीन-तीन तास गिरक्या घेतं, अनवाणी, कडक जमिनीवर. एक कॉलेजची मुलगी नवमीला आईबरोबर आली, जांघेत दुखत होतं, तिला दुसऱ्या दिवशीपर्यंत बरी करून हवी होती, आई म्हणाली स्नायू ओढला गेलाय, जरा मालिश करून टेप लावून द्या. तिने पहिल्यापासूनच बोट जांघेवर ठेवलं, ही पिढी लाजत नाही ते किती चांगलं आहे. दुखणं हळूहळू वाढत आलेलं, वजन टाकलं की जास्त. त्या पायावर उभी राहताना तोंड वाकडं. मांडी वर दुमडून आत फिरवली की शेवटाला कळ. सरळ पाय उचलताना वरून हलकंसं दाबलं तरी जांघेत दुखलं. अशा वेळी एका पायावर उडी मारायला लावायची टेस्ट पुस्तकात असते, मी ती मुद्दाम करत नाही, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला, चीर असेल तर ती त्या एका उडीत पूर्ण तुटू शकते. मी मालिश केली नाही. तिथेच कुबड्या दिल्या, पाय टेकायचा नाही सांगितलं आणि हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. एमआरआयमध्ये ताणाने पडलेली चीर निघाली, मानेच्या खालच्या बाजूला. खालच्या बाजूची असली तर बहुधा आरामाने भरते, वरच्या बाजूची असली तर सरकायची भीती जास्त, बऱ्याचदा स्क्रू घालावे लागतात. पोरगी खूप रडली, दसरा गेला, दिवाळी कुबड्यांवर गेली, पण खुबा वाचला. कधी हात थांबवायचा तेही तपासणीतूनच कळतं, आणि ते कळणं मला उपचारांइतकंच मोलाचं वाटतं.

बाकी काही गोष्टी पटकन सांगते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला नुसती आग होते, बधिर वाटतं, पण खुबा सगळीकडे छान फिरतो, अशा वेळी परकराची नाडी किंवा बेल्ट किती आवळताय ते बघा, तिथून जाणारी त्वचेची नस दाबली जाते. खोकताना जांघेत फुगवटा येत असेल तर ते बहुधा हर्निया, सर्जनकडे जा. लहान मूल लंगडतंय आणि गुडघा दुखतो म्हणतंय तर गुडघ्याबरोबर खुबाही तपासून घ्या असं आग्रहाने सांगा, मुलांचे खुब्याचे काही आजार गुडघ्यात दुखूनच सुरू होतात. आणि ताप आहे, पाय टेकत नाही, हलवू देत नाही, अशा मुलाला त्याच दिवशी हॉस्पिटलात न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

तपासायला जाताना सैल सलवार किंवा पायजमा घालून जा, साडीच नेसून जायची असेल तर एक सलवार बरोबर ठेवा. बरोबर एखादी बाई असू द्या, नसेल तर तपासताना नर्स किंवा आया खोलीत हवी असं सांगा, तो तुमचा हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरला त्यात काही वावगं वाटत नाही. आडवं करून दोन्ही पाय फिरवून बघितले नसतील तर "खुबा बघता का एकदा?" असं सरळ विचारा. आणि आमच्या पेशातल्यांना, विशेषतः नव्या मुलांना, माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी काय करणार आहात ते शब्दांत सांगा, चादर द्या, लागेल तेवढाच भाग उघडा, परवानगी मागा. दोन मिनिटं जास्त जातात. त्या दोन मिनिटांत सत्तर वर्षांची बाई पहिल्यांदा खरी जागा दाखवते.

शेवटी पडण्याबद्दल, कारण पावसाळा आला की बाथरूममध्ये, अंगणात, पायरीवर आपली म्हातारी माणसं घसरतातच. पडल्यावर पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय, तर खुब्याजवळ हाड मोडलंय असंच धरून चाला. उभं करायचा प्रयत्न नको, चोळायचं नाही, गरम पाण्याचा शेक नाही, आहे त्या स्थितीत उशा लावून अँब्युलन्स बोलवा. आणि जास्त फसवं म्हणजे कधी कधी मोडलेलं हाड एकमेकांत रुतून बसतं, मग आजी लंगडत का होईना चालतात, घरचे म्हणतात चालतायत म्हणजे काही मोडलं नाही, आणि काही दिवसांनी ते सरकतं. तर पडल्यानंतर चालत असल्या तरी, जांघेत दुखत असेल किंवा नुसता गुडघा दुखतो म्हणत असल्या तरी, खुब्याचा एक्स-रे काढा, आणि तो साफ आला पण दुखणं तसंच राहिलं तर परत दाखवून एमआरआयबद्दल विचारा. त्या स्वतः सांगणार नाहीत, तुम्हीच त्यांना खोलीत एकटं गाठून विचारा, आजी, जांघेत दुखतंय का?